काळ्या वाळूची बाटली

“अस्तराच्या कोपऱ्यातली वाळू कुठे गेली हो?” बाईंनी विचारलं, आणि आमच्या ह्यांच्या हातातली पक्कड जागच्या जागी थांबली.

आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चाकं, दांडे, चेन हे बघतात; शिवणकाम माझ्याकडे. बॅग आली की आधी ती वर्तमानपत्रावर उलटी करून ठोकायची, हा ह्यांचा तीस वर्षांचा नेम. वाळू चाकात राहिली तर नवं चाक महिनाभरात झिजतं. पण निघालेली वाळू टाकून देतील तर शपथ! विमानतळाची चिठ्ठी वाचून देश ओळखायचा आणि वाळू फळीवरच्या बाटल्यांत भरायची. इजिप्तची पिवळी, जॉर्डनची तांबूस, मालदीवची पिठासारखी पांढरी. स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण पिरॅमिडबद्दल अशा थाटात सांगतात, जणू दगड ह्यांनीच उचलून दिले. मी म्हणते, “घरचा केर काढायचा म्हटलं की तुमची कंबर धरते, आणि जगाचा केर मात्र बाटलीत!” त्यावर हे नुसते हसतात. तसे आम्ही सुखी आहोत.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. बॅगेचं चाक आणि उसवलेलं अस्तर, एवढंच काम त्यांनी चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

“ती वाळू मी मुद्दाम ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “आइसलँडच्या काळ्या किनाऱ्यावरची. यजमानांच्या बुटांतून सांडलेली. आमची शेवटची सहल ती. पेट्रा बघायचं राहूनच गेलं. डोंगरात कोरलेलं अख्खं शहर, त्यांना फार हौस होती. परवा तिकडेच निघतेय मी. पहिल्यांदाच एकटी. म्हटलं, तेवढीच त्यांची सोबत.”

ह्यांनी ती वाळू बालीच्या काळ्या वाळूत ओतली होती. रिकामी बाटली नव्हती आणि रंग जुळत होता. वर बाटली हलवून सपाटही केली होती. मी बाईंच्या पाठीमागून डोळे मोठे केले. द्या ती बाटली आणि गप्प बसा! काळी ती काळी, कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्यांनी बाटली काढून बाईंसमोर ठेवली. “बाई, चूक झाली माझ्याकडून. तुमची वाळू ह्यातच आहे, पण दुसऱ्यांची पण आहे. आता वेगळी नाही करता येणार मला.”

बाईंनी थोडी वाळू तळहातावर घेतली आणि बोटाने पसरून बघत राहिल्या. मला ह्यांचा असा राग आला! काय मिळालं खरं बोलून? एका बाईचं मन मोडलं, एवढंच.

“दुसरे म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“नवरा-बायको होते. बालीहून आलेले. तू बॅग आपटलीस, नाही तूच आपटलीस, असं भांडतच दुकानात शिरले. न्यायला आले तेव्हा मात्र हसत होते.”

बाईंना हसू फुटलं. “मग जमेल आमच्या ह्यांचं त्यांच्याशी. यजमानांना ओळखी काढायला वेळ लागत नसे. रांगेत उभे राहिले की पाच मिनिटांत पुढच्याच्या सासूच्या तब्येतीची चौकशी करत असायचे.” डोळे भरले होते, पण हसू खरं होतं. पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, “चिमूटभर द्या मला.”

“चिमूटभर कशी देऊ? नेमकी दुसऱ्यांचीच आली तर? सगळी न्या.” मग हे माझ्याकडे वळले. “अगं, एक पिशवी शिव. घट्ट हवी हं, एक कण बाहेर येता कामा नये.”

मी जाड कापड घेतलं आणि दुहेरी शिलाई घातली. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता; पिशवीचं तोंड शिवायला सुई ओवताना धागाच दिसेना. हे पिशवीत वाळू ओतत होते. “अहो, पुरे,” बाई म्हणाल्या, पण हे थांबले नाहीत. बाटली उलटी करून बुडावर टिचक्या मारल्या. तरी काही कण काचेला चिकटून राहिले, तेव्हा ह्यांनी चाकं साफ करायचा बारीक ब्रश घेतला आणि बाटली उजेडात धरून एकेक कण खाली उतरवू लागले.