गॅलनला दहा पौंड

कुराबाय गावच्या धावपट्टीवरचा वजनकाटा दुरुस्तीसाठी शहरात गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून विमानात किती माल चढवायचा हे धावपट्टीचा एजंट लेनॉक्स जोसेफ कागदावर आकडेमोड करून ठरवायचा.

"सातशे पौंड," कॅप्टन रामसरूप विमानातून उतरत म्हणाला. "पट्टी ओली आहे. सातशेच्या वर एक पौंडही घेणार नाही."

लेनॉक्सचा हिशेब तयार होता. माल म्हणजे कॅसरीपचे बारा कॅन. कडू कसाव्याच्या कंदाचा रस आटवून केलेला हा काळा पाक शहरातल्या व्यापाऱ्याला जायचा होता. प्रत्येक कॅन वीस लिटरचा, म्हणजे चार पूर्णांक चार गॅलन. गॅलनला दहा पौंड, हे गावात प्रत्येकाने शाळेत घोकलेलं. चव्वेचाळीस पौंड, रिकाम्या कॅनचे दोन, सेहेचाळीस. बारा कॅनचे पाचशे बावन्न. सोबत जाणाऱ्या ओलिंडा आंटीचे एकशेवीस, तिच्या पिशवीचे वीस. एकूण सहाशे ब्याण्णव.

ओलिंडा कॅनांशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत कसाव्याच्या भाकऱ्या आणि धुरी दिलेले मासे होते. तिची मुलगी शहरातल्या इस्पितळात होती, उद्या पोट फाडून बाळ काढणार होते. पुढचं विमान आठवड्याने.

कॅप्टनने एक कॅन उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हा सेहेचाळीस?"

"हिशेबाने तेवढाच."

"मागच्या खेपेलाही तुझा हिशेबच होता. पट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडेनात. मला वाटलं, इंजिनाचं काहीतरी आहे. यात आहे काय?"

"कॅसरीप."

"आणि गॅलनला दहा पौंड कशाचे?"

लेनॉक्सला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "पाण्याचे," तो म्हणाला.

गावात मोडका नसलेला एकच काटा होता, आरोग्य केंद्रात बाळांचं वजन करायचा. तो पंधरा किलोच्या पुढे जात नसे, त्यामुळे कॅन त्यावर ठेवायची सोय नव्हती. लेनॉक्सने तिथलं एक लिटरचं मापाचं भांडं मागून घेतलं. ओलिंडाने कॅन भरताना उरलेला पाक घरून आणून दिला. काट्यावर भांडं आधी रिकामं ठेवलं, मग भरून. फरक एक किलो दोनशे सत्तर ग्रॅम.

"लिटरभर पाणी एकच किलो भरलं असतं," लेनॉक्स म्हणाला.

"मी पाणी कशाला भरेन?" ओलिंडा म्हणाली. "उलथन्यावरून ओघळायचा थांबत नाही, तोवर मी चुलीवरून उतरू देत नाही. खालच्या गावातल्या बायका विकतात ते पाणी."

"तेच तर झालंय, आंटी. जितका घट्ट, तितका जड."

धावपट्टीजवळच्या खोपटाच्या पडवीत बसून त्याने पुन्हा आकडे मांडले. वीस लिटरचे पंचवीस किलो चारशे. एका किलोचे दोन पूर्णांक दोन पौंड, म्हणजे छप्पन्न. कॅनचे दोन, अठ्ठावन्न. बारा कॅनचे सहाशे शहाण्णव.

"म्हणजे नुसत्या कॅननीच विमान भरलं," कॅप्टन म्हणाला. "चार पौंड उरले. आंटी, चार पौंडांत बसतेस का?"

"तुझं पोट इथे ठेवून जा, मग माझ्यासारख्या दोघी बसतील," ओलिंडा म्हणाली. पण हसली नाही.

लेनॉक्स कागदाकडेच बघत राहिला. गेली कित्येक वर्षं या पट्टीवरून गेलेलं प्रत्येक विमान त्याने सांगितलं त्यापेक्षा जड होतं. ते उडत राहिलं होतं, एवढंच.

"कॅन किती काढायचे?" ओलिंडाने विचारलं.

"तुला धरून आठशे छत्तीस होतात. तीन काढले तर बसतं. दोन काढले तर वीस पौंड जास्त."

बारा कॅन सहा जणींचे, प्रत्येकीचे दोन. बाकीच्या पाचजणी कॅनांजवळ, आंब्याखाली उभ्या होत्या. कसावा किसून किसून सगळ्यांची बोटं सोललेली. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यातली व्हर्लिन म्हणाली, "माझा काढ हवा तर एक." पण म्हणताना तिचा हात कॅनवरच होता.

"राहू दे," ओलिंडा म्हणाली. तिने आपले दोन कॅन ओढून बाजूला केले. मग आपली पिशवी उचलून त्यांच्यावर ठेवली. "हिचे वीस ना?"

"वीस. आताच त्या काट्यावर पाहिलेत."

"मग मांड."

त्याने मांडलं. बरोबर सातशे.

"पोरीला काय नेणार मग?" व्हर्लिनने विचारलं.

"मी जातेय की. भाकऱ्या वाटून घ्या. मासे मुंग्यांच्या आधी खा."

कॅप्टनने तिला पुढे स्वतःच्या शेजारी बसवलं. तिचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ते गुडघ्यांवर ठेवले. दार लागलं. विमान पट्टीच्या टोकापर्यंत गेलं, वळलं, धावत आलं आणि मध्यावरच्या पांढऱ्या दगडांपाशी उचललं गेलं. लेनॉक्स लहान असताना सगळी विमानं तिथेच उचलली जायची.

बायका पिशवी घेऊन गेल्या. लेनॉक्स उरलेले दोन कॅन एकेक करून खोपटात ठेवू लागला. दुसऱ्या कॅनला वाटेत दोनदा थांबला. या कॅनांची उचल अलीकडे त्याला जमत नव्हती. आपलं वय झालं, असंच तो धरून चालला होता.