मंद्रूपच्या निंगव्वाचं दुसरं डोकं

मी डोकं बोलतेय. नुसतं डोकं. खाली मान नाही, गळ्यापाशीच सुरीनं कापल्यासारखी मी संपते. आत मेंदू नाही, दात नाहीत, आणि केस म्हणाल तर शेण थापल्यासारखे. तरी बोलतेय, कारण ज्या बाईचं मी डोकं, तिचं तोंडही कधी बंद नसतं.

मी राहते सोलापुरात, दातांच्या एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. माझं मूळ डोकं मंद्रूपला असतं, निंगव्वाच्या खांद्यावर. तिची पिठाची गिरणी आहे. नऊ वर्षांपूर्वी गिरणीच्या पट्ट्यात तिचा पदर गेला, पदरासंगं केस गेले आणि केसांसंगं उजवा कान गेला. बाई वाचली. महिन्याभरात परत गिरणीवर उभी. फक्त तेव्हापासून डोईवरचा पदर उजवीकडं घट्ट ओढलेला, आणि आरशात बघायचं ते डावीकडनं.

कानावाचून तिचं काही अडलं नाही. अडलं ते चष्मा लागल्यावर. चष्म्याला दोन कान लागतात हे तिला तेव्हा कळलं. तिनं एका बाजूला नाडी बांधली. नाडी सुटून चष्मा दोनदा गिरणीत पडला. दुसऱ्या खेपेला कुणाची तरी पाच किलो ज्वारी काचेसकट दळली गेली. त्या दिवशी तिच्या दिरानं, बसप्पानं, गिरणीची किल्ली आपल्या खिशात टाकली.

"वैनी, आता बसा घरी. लोकांना काचा खाऊ घालताव का?"

त्याचं चुकलं असं मलाही म्हणता येत नाही. पण निंगव्वाला घरी बसवणं म्हणजे चालू गिरणी हातानं धरणं.

तिनं चौकशी केली आणि बसप्पालाच संगं घेऊन सोलापूर गाठलं. दवाखान्याच्या पाटीवर भलामोठा दात बघून ती दारातच थांबली. "कान गेलाय माजा, दात न्हाय."

"तोंडा-डोक्यावरचं हरवलेलं आम्हीच बसवतो, मावशी," महेश्वरी डॉक्टर म्हणाल्या. "रबराचा कान. अगदी तुमच्या दुसऱ्या कानासारखा दिसेल."

"दिसायला नको मला. चष्म्याला खुंटी पायजे."

मग हाडात दोन बारीक खिळे बसवायचं ऑपरेशन झालं. जखम भरली. आता खिळ्यांवर कान तेवढा यायचा होता, आणि त्यासाठी यायचं होतं मला.

मला जन्माला घालणार रत्नदीप. पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढून कंटाळलेला, आता ह्याच दवाखान्यात कामाला लागलेला माणूस. डोक्याभोवती फिरून साठ-सत्तर फोटो काढायचे, कॉम्प्युटर ते जुळवून डोकं उभं करतो, मग डावा कान उलटा करून उजवीकडं लावायचा. अट एकच. बसणाऱ्यानं हलायचं नाही.

निंगव्वा फोटो काढायचे म्हणून तोंडाला खोबरेल चोपडून आली. कॉम्प्युटरला चकाकी समजत नाही, म्हणून आधी साबणानं तोंड धुवायला लावलं. मग स्टुलावर बसवलं. रत्नदीप फिरायला लागला तशी तीही फिरायला लागली.

"मावशी, माझ्याकडं बघू नका."

"बोलणाऱ्याला पाट दावू व्हय? आमच्यात तशी रीत न्हाय."

"फोटोवाला फिरतोय का वैनी फिरतीय, तेच कळंना," बसप्पा बाकावरून म्हणाला.

तर असा माझा पहिला जन्म. समोरून निंगव्वा, बाजूनं भाकरी. मागून उपडी परात, आत पोकळ. आणि नाकं तीन. जन्मतःच तीन नाकं असून एकही वर करून चालायची सोय नाही, अशी मी एकटीच असेन. बसप्पा पडद्याकडं बघून म्हणाला, "वैनीचं डोकं आतनं असंच असंल, मला वाटलंच हुतं."

निंगव्वा त्याला चप्पल काढून दाखवणार, तेवढ्यात डॉक्टर सगळे फोटो एकामागून एक बघत म्हणाल्या, "मावशी, ही रीत नाही. साठही फोटोंत डावाच गाल पुढं आहे. तुम्ही उजवी बाजू लपवताय."

निंगव्वा गप्प झालेली मंद्रूपला कुणी बघितली नाही. सोलापुरात ती झाली.

"मीच बघितलं न्हाय नऊ वर्सं," ती पदर आणखी ओढत म्हणाली. "तुमाला काय दावू?"

डॉक्टरांनी समजूत घातली नाही. निंगव्वाच्या हातातला नवा चष्मा घेतला, समोरच्या भिंतीवर एक खिळा होता त्याला अडकवला. "हा पाहिजे ना? मग ह्याच्याकडं बघत बसा. मी जोर करत नाही. नको असेल तर उठा."

निंगव्वानं चष्म्याकडं बघितलं. तिला तो धडपणे दिसतही नसणार. मग तिनं स्वतःच्या हातानं पदर खाली घेतला.

बसप्पा बाहेर जायला उठला.

"बसा भावजी. त्या दिवशी पट्टा तुमीच बंद केला की. तुमी बघितलंय."

बसप्पा बसला. रत्नदीप फिरला. निंगव्वाच्या नाकावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. बाई हलली नाही.

आणि मी दुसऱ्यांदा जन्मले. ह्या खेपेला नाक एकच. हनुवटीवरचा मस, भुवईतली जुनी खोक, साबणानंही न निघालेली विभूतीची फिकट रेघ, सगळं जिथल्या तिथं. रत्नदीपनं मला पडद्यावर हळूच फिरवलं. उजवी बाजू आली. चुरगळलेली कातडी, भोक, दोन खिळे.

निंगव्वानं चष्मा हातानं डोळ्यांवर धरला आणि नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढं झाली.

"हे एवडंच व्हय?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मी मनात लई मोटं केलं हुतं की."

पंधरा दिवसांनी कान आला. डॉक्टरांनी तिच्यासमोर बसून त्याला रंग दिला. "इतका गोरा नको, सावत्र वाटंल," म्हणून तिनं तो दोनदा गडद करून घेतला. कान खिळ्यांवर बसला, कानावर चष्मा बसला. तिनं खाली वाकून बघितलं, मान गदागदा हलवली, दोन उड्या मारल्या. चष्मा जागचा हलला नाही. मग तिनं भिंतीवरची पाटी एक एक अक्षर लावत मोठ्यानं वाचली, "येथे थुंकू नये," आणि हात पुढं केला.

"भावजी, किल्ली."

बसप्पानं किल्ली काढली. तिच्या हातावर ठेवताना एवढंच म्हणाला, "पदर मात्र खोचून घ्या वैनी."

"खोचते," ती म्हणाली. भांडली नाही.

जाताना रत्नदीपनं मला पुसून टाकू का म्हणून विचारलं. "ऱ्हाऊ दे. कुणी लाजून बसलं तर दावा," म्हणून ती गेली. माझ्यापासून घडलेला कान मंद्रूपला दळण दळतोय, आणि मी हितं एकाच कानाची.

परवा होटगीची एक बाई आली. उजव्या गालावर पदर, नजर जमिनीला. डॉक्टरांनी मला उघडलं आणि सावकाश फिरवलं. बाईनं हळूच वर बघितलं.

माझं मागणं एवढंच. मला कुणालाही दाखवा, पण डावीकडनं सुरुवात करू नका. बिनकानाची बाजू आधी आणा. लाजून तोंड फिरवायचं म्हटलं तरी मला मान कुठं आहे?