आधी फिरवलेली दांडी

मनोहररावांनी आधी दांडी फिरवली आणि मग सिरिंज दाबली, तेव्हा कौसल्येला शिसारी आली.

नागपुरातल्या त्या औषधाच्या कारखान्यात औषध तपासायचं हे मशीन येऊन वर्षही झालं नव्हतं. १९८४ साल. तिला मशीन शिकवलं ते याच साहेबांनी. पंप सारखा द्रावण ढकलत राहतो. मधे दांडीचा वाल्व, वाल्वला बारीक नळीचं वेटोळं. दांडी अलीकडे असताना सिरिंज दाबली की औषध वेटोळ्यात भरतं. दांडी पलीकडे नेली की द्रावण वेटोळ्यात शिरतं आणि ते औषध कॉलममध्ये, म्हणजे त्यातले घटक वेगळे करणाऱ्या नळीत, नेतं. "आधी भर, मंग फिरव," हे त्यांनी तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. आधीच फिरवली, तर सिरिंजमधलं सगळं थेट खालच्या सांडपाण्याच्या बाटलीत.

आणि आज हेच महाशय! लहान लेकरांच्या खोकल्याचं औषध, अख्खी बॅच बिघडलेली. कालच तिने त्यांना ग्राफ दाखवला होता. तरी ती बॅच बाजारात जावी म्हणून वेटोळ्यात चांगल्या बॅचचं औषध गुपचूप भरून ठेवलेलं, आणि समोर बसलेल्या सरकारी इन्स्पेक्टरला भुलवायला हा सिरिंजचा तमाशा. बिघडलेलं औषध सांडपाण्याच्या बाटलीत ठिबकत होतं. त्याला संत्र्याचा वास, तोही खोटा. संत्र्याच्या गावात! थू.

मशीनच्या पेनने कागदावर एकच देखणा डोंगर काढला. कालच्या ग्राफात त्याच्या बाजूला बिघाडाची टेकडी होती, तिथे आज सपाट रेघ.

"झकास," इन्स्पेक्टर म्हणाले आणि सही करायला पेन काढलं.

नोकरी जाईल, हे कौसल्येला पक्कं ठाऊक होतं. "साहेब, सही करू नका," ती म्हणाली. "ते औषध आत गेलंच नाही. मी पुन्हा करून दाखवते."

"नवीन पोरगी आहे, तिला वाल्व कळत नाही," मनोहरराव हसले. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला खुणेनेच कर म्हटलं.

तिने वेटोळं धुतलं. मनोहररावांनी सिरिंज भरली होती त्याच नमुन्याच्या बाटलीतलं औषध आधी भरलं, मग दांडी फिरवली. पेन डोंगर चढून उतरलं आणि सपाट रेघेच्या जागी पुन्हा वर गेलं. कालचीच टेकडी.

बॅच बाजारात न जाता सरकारी सीलखाली गेली. इन्स्पेक्टर गेल्यावर मनोहररावांनी तिला दारात अडवलं.

"तुले हे मशीन मीच शिकवलं ना वं?"

"हो सर," ती म्हणाली. "म्हणूनच जास्त किळस येऊन राहिली."

आणि ती नळाखाली हात धुवायला गेली.