पिवळी दोरी

भावजयीचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या दोन मुलींना अपूर्णांक शिकवत होतो. ती नेहमी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवशी केली नाही.

"भाऊजी, मी कामावरून आले तर हे परत ती पेटी मांडीवर घेऊन बसलेले. आठवड्यात तिसऱ्यांदा. विचारलं, तर म्हणाले पुसतोय. पुसायचं फडकं तर दोरीवर वाळत होतं."

पेटी म्हणजे रायफलची पेटी. माझ्या धाकट्या भावाने बावीस वर्षं शाळेच्या मुलांना नेमबाजी शिकवली. आता तो अठ्ठावन्नचा आहे, तरी मी त्याला छोट्या म्हणतो. वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांत अगदी मध्यभागी काळा डाग आला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याने एका दुपारी सगळ्या मुलांना घरी पाठवलं आणि नेमबाजीच्या मैदानाला कुलूप लावलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून त्याचं जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं.

"तुम्ही ती पेटी इथून घेऊन जा," भावजय म्हणाली. "कुठेही न्या. पोलिसांना बोलवायला मला धीर होत नाही. दारात गाडी उभी राहिली तर हे त्याच दिवशी काहीतरी करून बसतील."

मला वाटलं, सोपं आहे. गाडीत टाकायची आणि न्यायची. तरी आधी शस्त्रं जमा करतात त्या कार्यालयात फोन लावला. तिकडची कारकून आवाजावरून पंचविशीतली वाटली.

"परवाना कुणाच्या नावाचा आहे?"

"भावाच्या." मी त्याचं नाव आणि गाव सांगितलं.

"मग भाऊ सोबत हवेत. ते नसताना तुम्ही पेटी गाडीत ठेवलीत तर गुन्हा तुमच्यावर."

"तो आजारी आहे हो."

"मग आजारी असताना आणा, नाहीतर नंतर वारसांनी आणायची. नियमात दोनच रकाने आहेत, आजोबा. आणि परवान्याची मुदत शुक्रवारी संपतेय. चारला खिडकी बंद होते."

म्हणजे ज्याच्यापासून ती रायफल लांब करायची, त्यालाच तिच्यासोबत गाडीत बसवून शंभर किलोमीटर न्यायचं होतं. गाडी मी चालवणार, कारण त्याला आता रस्ता दिसत नव्हता. फोनवर विचारलं तर तो लगेच हो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी पोचलो तर छोट्या दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. मला बरं वाटलं. आता वाटतं, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"नियम ऐक," तो मला म्हणाला, अगदी मुलांना सांगायचा तसा. "रायफल रिकामी, तिची पेटी कुलूपबंद. काडतुसांचा डबा वेगळा, त्याला वेगळं कुलूप. दोन्ही डिकीत, सीटवरून हात पोचणार नाही असं. परवाना आणि प्रवासाची परवानगी माझ्या खिशात. वाटेत उगाच थांबायचं नाही. आणि आपला घरचा नियम, दोन कुलपं, दोन खिसे. पेटीची किल्ली माझ्याकडे, डब्याची तुझ्याकडे."

डब्याची किल्ली त्याने माझ्या हातावर ठेवली आणि मी ती आतल्या खिशात घातली. काडतुसं माझ्या ताब्यात होती.

"रिकामी आहे ना?" मी पेटीकडे बघून विचारलं.

"रिकामी आहे, दादा."

मी पेटी उचलली आणि डिकीत ठेवली. चूक झाली ती इथे.

त्याच्या मैदानावर कुणाचा शब्द चालत नसे. मी दरवर्षी माझ्या चौथीच्या वर्गाला तिथे न्यायचो, आणि पहिला अर्धा तास तो मुलांना एकच गोष्ट शिकवायचा. बंदूक हातात घेणाऱ्याने स्वतः तिची कडी मागे ओढायची, आत बोट घालायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी!" देणारा कितीही मोठा असो. "मी दिली तरी," तो म्हणायचा. "माझ्यावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. मी विसरभोळा आहे, बायकोला विचारा." मुलं हसायची. मग तो पिवळी प्लास्टिकची दोरी काढायचा. ती नळीतून आरपार घालायची, दोन्ही टोकं बाहेर लोंबत ठेवायची. आत काडतूस असेल तर दोरी जाणारच नाही. म्हणून दोरी दिसली तरच रायफल रिकामी.

हे सगळं मी वीसएक वेळा ऐकलं होतं. रीत पाहिल्याशिवाय मी कुठल्या पोराला गणिताचा गुण दिला नाही. पण धाकट्या भावाला त्याच्या बायकोसमोर, "उघडून दाखव" कसं म्हणायचं? मी भिडेखातर गप्प बसलो.

भावजय फाटकापर्यंत आली. "जेवायला थांबते," ती त्याला म्हणाली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

साठ किलोमीटरवर तपासणीचं नाकं लागलं. गाड्यांची रांग इतकी होती की आमचा नंबर यायला दुपारचे दोन वाजले. शिपाई तरुण होता, सर्दीने बेजार.

"काय आजोबा, शिकारीला?"

"जमा करायला चाललोय," मी म्हणालो.

त्याने कागद वाचले, मला डबा उघडायला लावला. पन्नास भोकांचा ट्रे होता. तो बोटाने मोजत गेला आणि शेवटी नाक पुसून म्हणाला, "एकोणपन्नास. कागदावर पन्नास आहेत."

"एक गोळी सरावात गेली," छोट्या म्हणाला. "नोंद करायची राहिली."

"कमी आहे तर ठीक. जास्त असती तर बसवलं असतं तुम्हाला." त्याने कागदावर पेन्सिलीने एकोणपन्नास लिहिलं. मग छोट्याने पेटी उघडली. शिपायाने लांबूनच वाकून नंबर जुळवला. "खरं सांगू का, मला या वस्तूची भीतीच वाटते. बंद करा."

पेटी उघडी होती तेवढ्यात मी पाहिलं. पिवळी दोरी नव्हती. कडी बंद होती.

मैदान तीन महिने बंद होतं. सराव कुठला आणि नोंद राहायची कशी? पन्नासावं काडतूस कुठे आहे ते मला कळलं.

शिपायाला सांगावं का? भरलेली रायफल घेऊन प्रवास केला म्हणून त्यांनी छोट्याला तिथेच, लोकांच्या रांगेसमोर धरलं असतं. मी तोंड उघडलं नाही. गाडी सुरू केली. ते बरोबर केलं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

दहाएक किलोमीटर गेलो. मग तो म्हणाला, "पुढे डावीकडे झाडं आहेत. थांबव जरा. माझा स्वेटर डिकीत राहिलाय."

दोन्ही काचा खाली होत्या, तरी आम्ही घामाने चिंब होतो.

"वाटेत थांबायचं नाही. तूच म्हणालास."

"पाच मिनिटं."

"नाही."

"दादा, मी जन्मात तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"सायकल मागितली होतीस. चाक वाकडं करून आणलीस."

त्याच्या ओठाची कड हलली. मला वाटलं, जुना छोट्या परत आला. तेवढ्यात त्याने चालत्या गाडीचं दार उघडलं. मी करकचून ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली. तो उतरून मागे गेला. गाडीची किल्ली काढून मीही धावत मागे गेलो.

"डिकी उघड," तो म्हणाला.

"पन्नासावं कुठे आहे, छोट्या?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तरी त्याला मी दिसलो नसतो.

"तू घरी जा," तो हळू म्हणाला. "तिला म्हणावं, वाटेत झालं. घरात नाही झालं. घरात तिला पुसावं लागलं असतं."

मी डिकीला पाठ लावून उभा राहिलो.  बासष्टचा मी, आणि त्याच्या मनगटात अजून ताकद होती. त्याने मला बाजूला ढकललं असतं तर मी काय केलं असतं?

"का रे?" मी विचारलं.

"त्या दिवशी एका पोराच्या रायफलीला दोरी नव्हती," तो म्हणाला. "मी समोर उभा राहून बघत होतो, दादा. थेट तिच्याकडे. दोरी नाहीये, हेच मला दिसलं नाही. मी म्हणालो, शाबास, ठेव खाली. ठेवताना गोळी सुटली. दोन मुलींच्या डोक्यांवरून भिंतीत गेली. कुणाला लागली नाही. पोरं घाबरून हसत होती. आणि मी त्यांना बावीस वर्षं सांगत आलोय, सरांवर विश्वास ठेवू नका. त्यांनी ठेवला."

एक ट्रक गेला, धूळ उडाली, खाली बसली.  शेवटी तोंडातून जे निघालं ते भीतीपोटी निघालं.

"मग आता ही अशीच जाऊ दे. मी तुला डिकी उघडून देत नाही. चारच्या आत मी पेटी खिडकीवर ठेवतो. तिथली पंचविशीतली पोरगी पेटी उघडेल. तिला कुणी सांगितलंय, भरलेली आहे म्हणून? कागदावर लिहिलंय रिकामी. खाली तुझी सही आहे."

त्याने मान वर केली.

"असं करणार नाहीस तू."

"सकाळी मी तरी काय केलं? तू रिकामी म्हणालास, मी उचलली."

त्याने गाडीवर तळहात टेकला. मग खिशात हात घातला, पेटीची किल्ली काढली, आणि मी हात पुढे करताच मागे घेतली.

"तू हात लावू नकोस. तुला येत नाही. लागेल तुला."

"मग शिकव."

"आत्ता? रस्त्यात? परवाना माझा आहे, तू हात लावणंसुद्धा गुन्हा आहे."

"तुझ्या हातात मी ती देणार नाही, छोट्या. गुन्हा तर गुन्हा. शिकव."

त्याने किल्ली दिली.

मी डिकी उघडली, मग पेटी. तो माझ्या मागे, एक पाऊल उजवीकडे उभा राहिला. मैदानावर तो तिथेच उभा राहायचा.

"उचलायची नाही. पेटीतच राहू दे. नळीचं तोंड कुठे आहे?"

"शेताकडे."

"शेतात कुणी आहे?"

"नाही."

"परत बघ. मला विचारू नकोस, मला दिसत नाही."

मी परत बघितलं. "कुणी नाही."

"चापापासून बोट लांब. अजून लांब, दादा! अंगठी घातल्यासारखं काय करतोयस? आता कडी वर. वर, वर. आता सरळ मागे."

कडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मागे आली, आणि छोटंसं पिवळसर काडतूस उडून डिकीतल्या रबरी मॅटवर पडलं. दोघांनीही तो आवाज ऐकला.

"बोट घाल आत," तो म्हणाला.  "काय लागतंय?"

"काही नाही."

"मग म्हण."

"रिकामी."

"मोठ्याने."

"रिकामी!" मी त्या मोकळ्या रस्त्यावर ओरडलो.

तो खाली बसला, गाडीच्या चाकाला टेकून, आणि हुंदके देऊन रडला. थोड्या वेळाने त्याने शर्टच्या खिशातून पिवळी दोरी काढून माझ्याकडे धरली. सकाळी नळीतून ओढून काढली होती आणि त्याला टाकवली नव्हती. मी ती नळीत ओवली. काडतूस पन्नासाव्या भोकात ठेवलं, दोन्ही कुलपं लावली. या वेळी दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात गेल्या. 

खिडकीवर पोचलो तेव्हा चारला नऊ मिनिटं कमी होती. कारकून खरंच पंचविशीतली होती. तिने काडतुसं मोजली आणि कागद वर धरला.

"पन्नास आहेत. इथे पेन्सिलीने एकोणपन्नास कुणी केलं?"

"एक चुकीच्या जागी होतं," छोट्या म्हणाला. "आता पेटी उघडा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा."

"दोरी दिसतेय की, काका."

"तरी बघा."

तिने दोरी काढली, बोट घालून पाहिलं, शिक्का मारला. दोरी तिने परत दिली. ती यादीत नव्हती.

परतीच्या वाटेवर मी त्याला सांगितलं की सोमवारी आपण डॉक्टरकडे जायचं, डोळ्यांच्या नव्हे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला. एकदा म्हणाला, "उद्याचं काय, दादा? उद्या सकाळी उठून मी काय करू?" "दोन कप चहा टाक," मी म्हणालो. 

भावजय फाटकातच उभी होती. तिने आधी नवऱ्याचे हात पाहिले, मग चेहरा. "ताटं वाढते," एवढंच म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. तो तिच्या बाजूने आत गेला.

मी डिकीतून माझी पिशवी काढली. आठ दिवसांचे कपडे आणले होते. पुरतील असं वाटत नव्हतं.