ट्रॅक्टर बघायला

लासुर्ण्याचे आप्पासाहेब मुलाला गाडीत घालून इंदापूरला निघाले, ते नवा ट्रॅक्टर बघायला जायचंय असं सांगून. दिग्विजयला ते खरं वाटलं. सकाळी त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि घोटभर दारूही घेतली नाही.

गाडी शोरूमवरून पुढे गेली आणि व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकात शिरली. दिग्विजय नुसता हसला. मागच्या खेपेला दुसऱ्या एका केंद्राची माणसं त्याला घरातून उचलून घेऊन गेली होती. तिथून सुटला त्याच संध्याकाळी तो प्यायला. आता डॉक्टरांनी आप्पासाहेबांना स्पष्टच सांगितलं होतं, दारू सुटली नाही तर मुलगा हाती लागणार नाही.

केंद्रातल्या सुधाताईंनी भरतीचा कागद टेबलावर ठेवला. आप्पासाहेबांनी खिशातलं पेन काढलं. सोसायटीच्या कर्जाचा कागद असो की कारखान्यातली उसाची नोंद, दिग्विजयच्या नावापुढे सही तेच ठोकत आले होते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, दिग्विजयलाही नाही.

"थांबा," सुधाताई म्हणाल्या. "सही त्यांची लागते."

"मी बाप हाय त्याचा."

"ते खरं. पण ते सज्ञान आहेत, शुद्धीवर आहेत, सगळं समजतंय त्यांना. कायद्याने त्यांनाच विचारावं लागतं. ते नाही म्हणाले तर मला ठेवून घेता येणार नाही."

"दारुड्याला इचारायचं? उद्या बोकडाला बी इचाराल, मसाला कंचा घालू म्हणून!"

सुधाताईंनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. त्या दिग्विजयकडे वळल्या. औषधं कोणती, पहिले काही दिवस त्रास कसा होतो, नको वाटलं तर सांगून बाहेर कसं पडता येतं, सगळं त्यांनी सावकाश समजावलं. मग विचारलं, "तुमची काय इच्छा?"

दिग्विजयने सवयीने आधी बापाकडे पाहिलं. बाप पेनाला टोपण लावत होता.

"घरी जायचंय," तो म्हणाला आणि उठला.

आप्पासाहेबांनी रागाने गाडी चालू केली. शोरूम जवळ आलं तसा दिग्विजय म्हणाला, "आप्पा, ट्रॅक्टर बघायचा व्हता न्हवं? का त्यो बी खोटाच?"

आप्पासाहेबांना थांबावंच लागलं.

शोरूममधल्या पोराने विचारलं, "चालवणार कोण?"

उत्तर नेहमीप्रमाणे आप्पासाहेबांच्या ओठांवर आलं होतं. ते तसंच राहिलं. "त्याला इचारा," ते म्हणाले.

दिग्विजय सीटवर चढून बसला. त्याने स्टेअरिंग धरलं. दोन्ही हात थरथरत होते आणि घट्ट धरले तसे जास्तच थरथरू लागले. विक्रेत्या पोराने ते पाहिलं आणि चहा सांगून येतो म्हणत तो आत गेला.

आप्पासाहेब खाली चाकापाशी उभे होते.

"दिगू," ते हळू आवाजात म्हणाले, "काय करायचं, तूच सांग."

दिग्विजयने स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"त्या बाई म्हणल्या, नको वाटलं तर सांगून भाईर पडता येतं. खरं आसंल का, आप्पा?"

"मला काय ठावं? त्यांनाच इचारू."

"चला मग. आन् आता मला फसवून न्यायचं न्हाय."

"न्हाय."

सुधाताईंनी तोच कागद पुन्हा काढला. दिग्विजयने आधी बाहेर पडण्याचं विचारून घेतलं, मग एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आप्पासाहेबांनी आपलं पेन त्याच्यापुढे सरकवलं. सही वाकडीतिकडी, थांबत थांबत उमटू लागली. पंख्याच्या वाऱ्याने कागद हलत होता. आप्पासाहेबांनी त्याचा कोपरा तेवढा बोटाने दाबून धरला.