हिरवे चौकोन

घड्याळजींनी आयुष्यभर एका माणसाला शिव्या घातल्या. चौकापलीकडे त्याचंही घड्याळांचंच दुकान होतं. बंद पडलेलं घड्याळ तो उघडायचाच नाही. काच लख्ख पुसायचा, दोन हिसके द्यायचा आणि काटा हलला की "झालं दुरुस्त" म्हणून परत करायचा. "हा काय धंदा आहे? नुसती रंगरंगोटी!" असं म्हणत घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पुन्हा चक्रांमध्ये डोकं घालायचे.

पुढे लोक फोनवरच वेळ बघायला लागले आणि दोन्ही दुकानं सारखीच बंद झाली. त्या वेळी घड्याळजी सत्तेचाळीस वर्षांचे होते. वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात काम करणारी भाची म्हणाली, "मामा, तुमचा हात बारीक कामाचा. वेबसाइट बनवायला शिका, जमेल तुम्हाला." तिनेच ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वर्ग घेणाऱ्या बाईंचा नियम एकच होता. रोज थोडं का होईना, काम करायचं आणि सरावाच्या साइटवर चढवायचं. चढवलं की कॅलेंडरातला त्या दिवसाचा चौकोन हिरवा व्हायचा. नाहीतर पांढराच राहायचा.

सकाळी सहा ते आठ ही सरावाची वेळ ठरली. घर दोन खोल्यांचं, आणि बायको शिवणकाम करणारी. तिचं मशीन सुरू झालं की टेबलावरचा पेलासुद्धा थरथरायचा. तिने आपण होऊन सांगून टाकलं, "आठपर्यंत मी मशीनला हात लावायची नाही. तुम्ही निवांत बसा." ती दोन तास समोर बसून हाताने बटणं लावायची आणि मागे पडलेलं काम दुपारची झोप मोडून भरून काढायची.

पहिले बावन्न दिवस घड्याळजींनी मनापासून मेहनत केली. एका वाचनालयाची साइट बनवायला घेतली होती आणि ती आकाराला येत होती. त्रेपन्नाव्या दिवशी गाडं अडलं. कॉम्प्युटरवर शहाण्यासारखी दिसणारी पुस्तकांची यादी फोनवर उघडली की पुस्तकं एकमेकांच्या अंगावर चढायची. बाईंना विचारायचं तर सगळ्या वर्गाला दिसेल अशा ठिकाणी प्रश्न लिहावा लागायचा, आणि वर्गात सगळे विशीतले. 'काकांना एवढंही येत नाही!' असं कुणीही म्हटलं नव्हतं. घड्याळजींनी ते स्वतःच त्यांच्या तोंडी घातलं होतं.

आठला पाच मिनिटं कमी असताना बायकोने विचारलं, "झाला का हिरवा?"

घड्याळजींनी कोडच्या अगदी तळाशी, पानावर दिसणार नाही अशा जागी, एक टिंब टाकलं आणि चढवून दिलं. चौकोन हिरवा झाला. "झाला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिंब काढलं. तोही बदलच, तोही हिरवा. मग टिंब घालायचं, टिंब काढायचं, आणि मधला वेळ दुसरे लोक कसं काम करतात त्याचे व्हिडिओ बघत बसायचं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता एक्क्याण्णव दिवस गेले. बायको मात्र बहिणीला, शेजारणीला, माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "एकशे त्रेचाळीस दिवस झाले, एक खाडा नाही!" घड्याळजी तेवढ्या वेळात चप्पल शोधायला लागायचे.

भाचीने तिच्या ऑफिसात शब्द टाकला आणि मुलाखत ठरली. सकाळी दहा वाजता, व्हिडिओवर, घरूनच. बायकोने मशीन बंद ठेवलं आणि कुणाच्यातरी शर्टाची कॉलर मांडीवर घेऊन शेजारी बसली.

मुलाखत घेणारी भाचीच्याच वयाची होती. तिने घड्याळजींच्या सरावाची सगळी नोंद पडद्यावर उघडली. कोणत्या तारखेला काय घातलं, काय काढलं, ओळीन् ओळ तिथे होती. अशी नोंद राहते हे घड्याळजींना माहीत होतं. पण ती कुणी उघडून बघेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"काका, त्रेपन्नाव्या दिवसापासून इथे एक टिंब दिसतंय. एक दिवस येतं, एक दिवस जातं. ते कशासाठी?"

घड्याळजी तोंड उघडणार तोच बायको कॅमेऱ्यासमोर वाकली.

"मी सांगते. घड्याळजी आहेत ना ते! टिंबाएवढी चूकसुद्धा खपत नाही त्यांना. रोज दोन तास मान वर करत नाहीत. मी समोरच असते की."

त्या मुलीने नजर खाली वळवली. तिला सगळं कळलं होतं, आणि ती बायकोसाठी गप्प राहायला तयार होती. घड्याळजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नाही हो," ते म्हणाले. "मला ती यादी फोनवर नीट करता आली नाही. विचारायची लाज वाटली. चौकोन हिरवा व्हावा म्हणून टिंब घालत होतो नि काढत होतो."

शेजारी सुई थांबली.

"आधीचं काम चांगलं आहे, काका," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "पण आत्ता नाही घेता येणार." नमस्कार करून तिने निरोप घेतला.

"सगळे दिवस?" बायकोने विचारलं.

"एक्क्याण्णव."

"मी बटणं लावत बसायचे, तेव्हा?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि मशीनवर जाऊन बसली. घड्याळजींना चौकापलीकडचा तो माणूस आठवला. त्याचं निदान घड्याळ तरी चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मशीन सुरू झालं. पेला थरथरू लागला. त्या खडखडाटात घड्याळजींनी सगळ्या वर्गासमोर लिहिलं, "यादीतली पुस्तकं फोनवर एकमेकांवर चढतात. तीन महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं." प्रश्न विचारून चौकोन हिरवा होत नाही. तो पांढरा राहिला. दुसराही पांढरा राहिला. तिसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं, आणि त्याखाली वर्गातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "बरं झालं काका विचारलंत, माझंही इथेच अडलंय." दोष एका ओळीचा होता. घड्याळजींनी ती बदलली, फोन उघडला, आणि पुस्तकं एकाखाली एक नीट उभी राहिली.

सवयीने त्यांनी लॅपटॉप बायकोकडे वळवला. "झाला हिरवा."

मशीन थांबलं. तिने चौकोनाकडे पाहिलंच नाही.

"तो राहू दे. काय बदललंत, ते वाचा."

घड्याळजींनी वाचलं. तिला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, तरी तिने शेवटपर्यंत वाचायला लावलं. मग फोन मागून घेतला आणि अंगठ्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली, पुन्हा वर सरकवली.

"उद्याही असंच वाचून दाखवायचं," ती म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं. घड्याळजींनी मान हलवली. मान वर मात्र त्यांना करता आली नाही.