सरोजिनीताईंचा केशरी फुगा

“ताई, तुम्हाला मरायची भीती नाही वाटत?”

मित्रांनो, दहावीतल्या कल्याणीने हा प्रश्न विचारला तेव्हा मी सरोजिनीताईंच्या मांडीवर वाळत पडलो होतो. कोथरूडच्या पोहण्याच्या टँकवर, पायऱ्यांमागे, तिच्या मैत्रिणी रुपाली आणि नम्रता तोंडावर हात दाबून हसत होत्या. “एवढी शूर आहेस ना? मग विचारूनच दाखव!” असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

ताईंनी शांतपणे डोक्यावरची टोपी काढली. “वाटते की. पण पहाटे गार पाण्याची जास्त वाटते. आणि त्या दोघींना सांग, पुढचा प्रश्न स्वतः येऊन विचारा.”

मी एक जुना केशरी फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे हं! मोकळ्या पाण्यात पोहणारी माणसं कमरेला बांधतात ना, तो. हडपसरच्या एका कारखान्यात जाड प्लास्टिकचे दोन तुकडे तापवून चिकटवले आणि मी जन्मलो. पोहणाऱ्याच्या मागोमाग तरंगायचं, होडीवाल्याला लांबून दिसायचं आणि कुणी दमलं तर आधार द्यायचा, एवढंच माझं काम. ताईंनी मला कितीतरी तलाव दाखवले. पोहणं, सायकल, धावणं अशा तिहेरी शर्यतीत त्या पाण्याबाहेर आल्या की लोक टाळ्या वाजवायचे. त्यातल्या थोड्या माझ्याही, असं मी मनातल्या मनात धरून चालायचो.

ताईंच्या गटात एक नियम होता. ज्याने पाण्यात उतरायचं, त्यानेच आपला फुगा तोंडाने फुगवायचा. “आपली छाती आज काय म्हणतेय ते काठावरच कळतं,” असं ताई सांगायच्या.

म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. ताईंचा कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता. तो आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तरी त्या पोहायच्या. पण त्यांची फुंकर आखूड होत चालली होती आणि माझ्या पोटावर सुरकुत्या राहू लागल्या होत्या. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. काय करणार होतो मी? रोज नुसता घाबरत होतो.

त्या प्रश्नानंतर कल्याणी ताईंची सावलीच झाली. टेकडीवर धावायची, सायकल तर अशी हाणायची की रिक्षावाले वळून बघायचे. टँकमध्ये मासोळी! पण तलावात पहिल्यांदा उतरली आणि खालचा तळ दिसेना म्हणताना मला मिठी मारून रडली. म्हणून येत्या रविवारच्या शर्यतीत दोघींनी जोडी केली. पोहायचं ताईंनी, सायकल आणि धावणं कल्याणीने. तिचे बाबाही खूश. “दहावीचं वर्ष आहे. निदान पाण्यात तरी नाहीस, उपकार झाले!”

बुधवारी तलावावर सराव होता. ताई मला फुगवायला बसल्या, थांबल्या, खोकल्या. मी अर्धासुद्धा भरलो नव्हतो.

“द्या ताई, मी फुगवते!” म्हणत कल्याणीने मला ओढून घेतलं आणि दोन-चार दमांत टम्म फुगवलं. नको गं, नको, असं मला ओरडायचं होतं! पट्टा बांधून ताई पाण्यात शिरल्या.

तलावाच्या मध्यावर त्यांचे हात थांबले. दुसऱ्याच क्षणी त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. इतकी वर्षं मी नुसता मागे तरंगलो, ताईंनी मला असं कधी कवटाळलं नव्हतं. माझा जुना सांधा कुरकुरत होता. मी सुटलो तर? होडी येईपर्यंत मला दुसरं काही सुचलंच नाही.

काठावर कल्याणी उभी होती. “माझ्यामुळे झालं. मी फुगवलाच नसता तर तुम्ही उतरला नसता.”

“उतरले असते गं. हट्टी आहे मी,” ताई धापा टाकत म्हणाल्या. “पण तू झाकलंस आणि मी झाकू दिलं. दोघी सारख्याच शहाण्या.” मग त्यांनी माझा पट्टा सोडला आणि मला तिच्या हातात दिलं. “माझं पोहणं आता संपलं.”

दोन दिवस मी कल्याणीच्या बाल्कनीत चुरगळून पडलो. वर ऊन, खाली वाळत घातलेल्या कपड्यांचं ठिबकलेलं पाणी. कुणी विचारेना. मित्रांनो, आम्हाला ओलं दडपून ठेवू नका, सांधे उसवतात. आणि एक त्याहून मोठी विनंती. कुणाचा श्वास कमी पडताना दिसला, तर तो झाकून देऊ नका. जवळ बसा आणि विचारा.

शुक्रवारी कल्याणी ताईंकडे जाऊन आली. मला उचलून तिने स्वच्छ पुसलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. आई पोळ्या लाटत होती, बाबा पेपर वाचत होते. कल्याणीचा आवाज खणखणीत होता.

“आई, बाबा, भीती वाटते, तरी रविवारी पोहायचंही मीच. मी ताईंना विचारलंय, त्या काठावर येणार आहेत. तुम्हीही या. फक्त ‘जपून गं’ असं ओरडायचं नाही.”